शाप, तळतळाट आणि 'मी जन्मलोच कशाला?' : हिब्रू कवितेतल्या कडू ओळी कशा वाचायच्या?

उंबरठा (धागालेखक)

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३७वं स्तोत्र बहुतेकांना अर्धंच ठाऊक असतं. बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) पाण्याकाठी बसून रडणारे यहुदी, झाडांना टांगलेल्या वीणा, 'सियोनचं (म्हणजे यरुशलेमचं) एखादं गाणं होऊन जाऊ दे' म्हणून खिजवणारे पकडून नेणारे लोक. इथपर्यंत सगळ्यांचे डोळे पाणावतात. या स्तोत्रावरचं, १९७८ साली डिस्कोत धुमाकूळ घातलेलं गाणंही या आसवांच्या पुढे गेलं नाही. कविता मात्र पुढे जाते. शेवटच्या ओळीत कवी बाबेलला उद्देशून म्हणतो, तुझी तान्ही पोरं उचलून खडकावर आपटील तो धन्य.

या ओळीचं काय करायचं हा प्रश्न जुनाच आहे. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने रूपक केलं: बाबेलची पोरं म्हणजे मनात नुकत्याच उगवलेल्या वाईट वासना आणि खडक म्हणजे ख्रिस्त. बेनेडिक्टच्या मठ-नियमातही हाच अर्थ आहे. कॅथलिक चर्चने १९७० नंतरच्या दैनंदिन प्रार्थनाग्रंथात सरळ कात्री चालवली. ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण गेली, आणखी १९ स्तोत्रांतल्या ओळी गेल्या. १३७ची शेपटी त्यातच गेली. मला दोन्ही मार्ग पळवाटा वाटतात. रूपक केलं की कवीचा राग खोटा ठरतो आणि कात्री लावली की त्याचं दुःख तेवढं आपल्या सोयीपुरतं उरतं.

माझं म्हणणं असं की या ओळी वाचताना आधी बघावं, शाप कोण देतंय आणि कुणाच्या दरबारात. त्या काळात शाप ही नुसती जिभेची आग नव्हती, कायद्याचाच एक हात होता. जिथे साक्षीदार नाही, शिपाई पोचत नाही, तिथे शाप पोचायचा. 'अनुवाद' या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात बारा शाप आहेत, त्यातले बरेचसे चोरून केलेल्या गुन्ह्यांवर आहेत: शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणारा, आंधळ्याला वाट चुकवणारा, अंधारात मारणारा. शास्त्यांच्या पुस्तकात मीखाच्या आईची अकराशे नाणी चांदी चोरीला जाते. ती चोराला शाप देते, तोही मुलाच्या कानावर पडेल असा. चोर तोच! घाबरून कबूल करतो आणि आई तिथल्या तिथे आशीर्वाद देऊन शापाची धार काढून घेते. पोलिसात तक्रार दिली आणि मागे घेतली, असाच व्यवहार.

यरुशलेमच्या सिलवान भागात खडकात कोरलेली एक कबर आहे. तिच्यावरचा सुमारे इ.स.पू. ७००चा लेख १८७०मध्ये सापडला, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राजवाड्याच्या कारभाऱ्याची कबर. मजकूर साधारण असा: इथे सोनं नाही, चांदी नाही, त्याची आणि त्याच्या दासीची हाडं आहेत, हे उघडील तो माणूस शापित. आपल्या कोकणातल्या शिलाहारकाळच्या गधेगाळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा प्रकार परका वाटू नये. दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला दगडावर कोरलेली ती अर्वाच्य शिवी, तिचंही काम राखणदाराचंच.

स्तोत्रांमधले शाप या घराण्यातले आहेत असं मला वाटतं. कवी तलवार उचलत नाही. अर्ज लिहितो, आणि भाषा सभ्य ठेवत नाही.

---

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. सिलवानचा लेख माहीत नव्हता. पण एक शंका. शेताची खूण सरकवणाऱ्याला शाप, समजलं. तान्ह्या बाळाने कुणाची खूण सरकवली? इथे अर्जाचं तर्कशास्त्र लंगडं पडतं.

---

उंबरठा

@रात्रपाळी, रास्त आहे. दोन गोष्टी बघा.

एक, ही कल्पना कवीची नाही. शहर पडलं की तान्ह्या मुलांचं हेच व्हायचं आणि त्याच्या नोंदी हिब्रू ग्रंथांत जागोजागी आहेत. होशेयात शोमरोन शहराबद्दल, नहूमात इजिप्तच्या थेबेसबद्दल, यशयाच्या १३व्या अध्यायात खुद्द बाबेलबद्दल. यरुशलेम इ.स.पू. ५८६च्या सुमारास पडलं (काही अभ्यासक ५८७ धरतात), तेव्हा राजा सिद्कीयाच्या मुलांना त्याच्यासमोर मारलं आणि मग त्याचे डोळे काढले. म्हणजे त्याने पाहिलेलं शेवटचं दृश्य तेच राहावं अशी व्यवस्था केली. आता स्तोत्रातली शेवटून दुसरी ओळ वाचा: तू आमचं जे केलंस त्याची तुला परतफेड करील तो धन्य. 'जे केलंस' म्हणजे नेमकं काय, ते पुढची ओळ सांगते. ही धमकी आहेच, पण तिच्या पोटात साक्षही आहे. आमच्या पोरांचं काय झालं हे कवी दुसऱ्या कुठल्याच वाटेने सांगत नाही.

दोन, बाबेल पुढे पडलं कसं? इ.स.पू. ५३९मध्ये इराणचा कोरेश आत शिरला तो जवळपास न लढता. बाबेलच्याच इतिवृत्तात तशी नोंद आहे. पोरं आपटली गेली नाहीत. शाप शब्दशः खरा ठरला नाही तरी कविता जपली गेली, पुसली नाही, दुरुस्तही केली नाही. जपणाऱ्यांना ती भविष्यवाणी म्हणून नको होती, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

अवांतर: बाबेलमधल्या निर्वासितांचं रोजचं जगणं आता बरंच कळतं. 'आल-याहुदु', म्हणजे यहुद्यांचं गाव, अशा नावाच्या वस्तीतल्या मातीच्या पाट्या मिळाल्यात, त्यातली सर्वांत जुनी इ.स.पू. ५७२ची. त्यात शेतसारा, कर्ज, खजूर, जव यांचे करार आहेत. लोक कालव्याकाठी शेती करत होते, हप्ते भरत होते. १३७वाचताना माझ्या डोळ्यांपुढे हेच लोक येतात.

---

खडूस_आजोबा

लेख माहितीपूर्ण, पण ही वकिली झाली.

पीडिताने रागात काय म्हटलं त्याबद्दल मला तक्रार नाही. घर जळालेला माणूस मोजून मापून बोलत नसतो. माझी तक्रार पुढच्या वाचकांबद्दल आहे. ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याने ही कविता रचली, पण ती धर्मग्रंथ झाली आणि सत्ताधाऱ्यांच्या हाती गेली. २००९ साली अमेरिकेत गाड्यांच्या मागे चिकटपट्ट्या झळकल्या: 'ओबामांसाठी प्रार्थना करा, स्तोत्र १०९:८'. ती ओवी उघडली तर 'त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचा हुद्दा दुसरा घेवो'. इथवर निवडणुकीचा विनोद म्हणू. पण लगेच पुढची ओवी आहे, त्याची मुलं पोरकी होवोत, बायको विधवा होवो. ज्यांनी चिकटपट्टी छापली त्यांना पुढची ओवी ठाऊक नव्हती असं मी मानत नाही.

तेव्हा 'अर्ज आहे, तलवार नाही' हे म्हणणं रचणाऱ्यापुरतं ठीक. म्हणणाऱ्याचं काय?

---

वकीलसाहेब

१०९ निघालंच आहे तर लिहितो, कारण या स्तोत्राची रचनाच कोर्टाची आहे.

सुरुवातीला कवी तक्रार करतो: ते माझ्यावर खोटे आळ घेतात, मी प्रेम केलं तर ते वैर करतात. इथे शत्रू अनेक. सहाव्या ओवीपासून अचानक एकच माणूस: 'त्याच्यावर दुष्ट नेम, त्याच्या उजव्या हाताला आरोप करणारा उभा राहो, न्यायात तो दोषी ठरो'. मग १९व्या ओवीपर्यंत शापांची सरबत्ती. मुलं भीक मागत फिरोत, सावकार सगळं लुटून नेवो, बापजाद्यांचं पापही माफ न होवो.

अनेकांचा एक कसा झाला? काही अभ्यासक म्हणतात की हे शाप कवीचे नाहीतच. शत्रू कवीला जे शाप देतात ते तो कोर्टात वाचून दाखवतोय, जसं आपण म्हणतो, 'हे बघा साहेब, हा मला काय काय बोलला'. इंग्रजीतल्या एका प्रतिष्ठित भाषांतराने तर सहाव्या ओवीआधी 'ते म्हणतात' असे मूळ हिब्रूत नसलेले शब्द घातले.

मला हा अर्थ मोहक वाटतो, म्हणूनच त्याच्याकडे संशयाने बघतो. कवीचे हात फारच सहज स्वच्छ होतात. शिवाय २०व्या ओवीत कवी म्हणतो की माझ्यावर आरोप करणाऱ्यांना परमेश्वराकडून हेच फळ मिळो. म्हणजे ते शब्द शत्रूचे असले तरी कवीने ते उलटवून परत पाठवलेच. आणि बायबलच्या ख्रिस्ती भागात, म्हणजे नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र येशूला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतची जागा भरताना आठवी ओवी शाप म्हणूनच वापरतो. त्याला 'ते म्हणतात' माहीत नव्हतं.

पण एक बारकावा कुणी सहसा सांगत नाही. सहाव्या ओवीत उजव्या हाताला आरोप करणारा उभा आहे. शेवटच्या, ३१व्या ओवीत परमेश्वर दीनाच्या उजव्या हाताला उभा राहतो, त्याला दोषी ठरवणाऱ्यांपासून वाचवायला. सगळा खटला या एका जागेसाठी चाललाय. शाप कितीही भडक असले तरी कवीची मागणी एवढीच आहे की माझ्या बाजूला कुणीतरी उभं राहावं.

@खडूस_आजोबा, चिकटपट्टीवाल्याच्या उजव्या हाताला आधीच वकील, पैसा, मतदारसंघ उभे असतात. त्याला हे स्तोत्र म्हणण्याचा अधिकारच पोचत नाही असं माझं मत.

---

खडूस_आजोबा

अधिकार ठरवणार कोण? प्रत्येक जण स्वतःला दीनच समजतो. चिकटपट्टीवालाही.

---

उंबरठा

@खडूस_आजोबा, याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही आणि ते कवितेत शोधण्यात अर्थही नाही. ग्रंथाने एक कुंपण घातलंय तेवढं दाखवतो. नीतिसूत्रांत २६:२मध्ये म्हटलंय की विनाकारण दिलेला शाप भिरभिरणाऱ्या चिमणीसारखा असतो, तो कुठेच बसत नाही.

आणखी एक मुद्दा मूळ लेखात राहिला. या कवींना शापांची इतकी घाई का? कारण बहुतेक स्तोत्रांच्या जगात मेल्यावर हिशेब नाही. पुनर्जन्म नाही, नंतरच्या काळातले स्वर्ग-नरकही अजून नाहीत. आहे तो शिओल: धुरकट खालचं जग, जिथे राजा आणि गुलाम सारखेच गप्प. 'पुढच्या जन्मी फेडेल' म्हणून सोडून देण्याची सोय आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे नव्हती. न्याय व्हायचा तर इथेच, माझ्या देखत. म्हणून ८८व्या स्तोत्रात कवी देवाशी चक्क घासाघीस करतो: मेलेल्यांसाठी तू चमत्कार करतोस काय? प्रेतं उठून तुझी स्तुती करतात काय? मी गेलो तर तुझाही एक गाणारा कमी होईल, असा एकूण सूर.

---

अलिबाग_ते_लोद

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं या धाग्यासाठी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आजीचं माहेर अलिबागकडचं, आता आम्ही इस्राएलमध्ये लोदला.

तुम्ही सगळे 'वाचायचं कसं' यावर बोलताय. आमच्याकडे हे वाचण्यापेक्षा करण्याचं जास्त आहे. यहुदी पंचांगातल्या अव महिन्याच्या नवमीला यरुशलेमचं मंदिर पडल्याचा उपास. कोकणात जुने लोक याला 'बिरड्याचा सण' म्हणायचे, कारण उपास सोडताना वालाचं बिरडं. त्या रात्री सभास्थानात जमिनीवर बसून विलापगीत, म्हणजे यरुशलेमच्या पाडावावरचं शोककाव्य, वाचतात. पाच अध्याय. शेवटची ओवी साधारण अशी: 'की तू आम्हाला पुरतंच टाकून दिलंस, आमच्यावर बेसुमार रागावलास'. संपलं. त्यापुढे एकही शब्द नाही.

पण तिथे थांबत नाहीत. तिच्या आधीची ओवी, 'आम्हाला तुझ्याकडे परत ने, आमचे दिवस पूर्वीसारखे कर', ती सगळे मिळून पुन्हा म्हणतात आणि मगच पुस्तक मिटतात. ग्रंथातला एक शब्द बदलायची परवानगी नाही, मग वाचण्याचा क्रम वाकवला. कात्रीवाल्यांनी याचा विचार करावा.

आणि १३७. शब्बाथ-सणाचे दिवस सोडून बऱ्याच घरांत जेवणानंतरच्या प्रार्थनेआधी ते म्हणतात. लग्नात पेला फोडण्याआधी त्यातल्या मधल्या ओव्या: यरुशलेमे, मी तुला विसरलो तर माझा उजवा हात लुळा पडो, माझी जीभ टाळूला चिकटो. हाही शापच आहे आणि तो स्वतःला दिलेला आहे. वाजवणाऱ्याने हात पणाला लावला, गाणाऱ्याने जीभ. मघापासून सगळे शेवटच्या शापाबद्दल बोलतायत. तिथे पोचायच्या आधी कवीने स्वतःला शापून घेतलंय, हे कुणीच लिहिलं नाही.

---

वकीलसाहेब

@अलिबाग_ते_लोद, दंडवत. शपथेवर साक्ष! आधी स्वतःला बांधून घेतलं, मग आरोप केला.

---

शांभवी_

शापांवर भरपूर झालं, धाग्याच्या शीर्षकातला दुसरा भाग तसाच राहिलाय.

ईयोब, म्हणजे सगळं गमावून बसलेला सज्जन, त्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय. सात दिवस सात रात्री तो आणि मित्र गप्प बसलेत. मग तो तोंड उघडतो आणि आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. 'तो दिवस अंधार होवो.' उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव म्हणतो 'प्रकाश होवो', त्याच घडणीचं हे वाक्य, उलटं फिरवलेलं. एका दिवसापुरती का होईना, तो सृष्टी मागे गुंडाळायला निघालाय. दिवसांना शाप देणारे, लिव्याथान या समुद्रराक्षसाला डिवचून जागं करणारे मांत्रिक बोलवा, म्हणतो. ती रात्र वर्षाच्या मोजणीतून गळून जावो.

यिर्मया संदेष्ट्याचं (२०:१४-१८) त्याहून विचित्र. तो दिवसाला शापतो, आणि मग 'तुम्हाला मुलगा झाला' म्हणून बापाला आनंदाने सांगायला गेलेल्या माणसाला! बिचाऱ्याचा काय दोष? तर म्हणे, त्याने मला पोटातच मारलं नाही.

मला बरीच वर्षं हा नुसता अतिरेक वाटायचा. मग लक्षात आलं की दोघेही दोन नावं टाळतायत. जन्माचा राग खरं तर कुणावर यायला हवा? आईबापावर, किंवा जन्म देणाऱ्या देवावर. पण आईबापाला शाप दिला तर मृत्युदंड (निर्गम २१:१७) आणि देवाला दिला तर दगडमार (लेवीय २४). म्हणून सगळा राग जवळच्या बिनधोक वस्तूंवर निघतो: तारीख, रात्र, निरोप्या. कविता या अडवलेल्या जागेतून फुटली आहे. ईयोबाच्या बायकोने सुचवलेलं एक वाक्य, देवाला शाप देण्याचं, तो पुस्तकभर उच्चारत नाही, आणि त्याच्या अवतीभोवती पस्तीसेक अध्याय बोलत राहतो.

आपल्याकडे हे कुंपण नाही हो! जनाबाई विठ्ठलाला 'विठ्या' म्हणून तोंडावर शिव्या घालते, त्याचं मढं काढते. तुकोबा एका अभंगात आपल्या लेखी देव मेला म्हणून मोकळे होतात. हिब्रू कवी देवावर आरोप ठेवतो, त्याला झोपलेला म्हणतो, वैरी म्हणतो, पण शाप देत नाही. जनीचं नातं घरातलं, यांचं देवाशी झालेल्या करारातलं. करार मोडला म्हणून भांडता येतं, समोरच्याला मढं म्हणता येत नाही.

---

रात्रपाळी

शांभवी, सुंदर. मी रुग्णालयात काम करतो, त्यामुळे 'मरण का येत नाही' हे वाक्य ऐकण्यातलं आहे. ईयोब, यिर्मया, मोशे (गणना ११), एलीया, योना, सगळे मरण मागतात. यातला कुणीही स्वतःच्या जिवाला हात लावत नाही. मागतात देवाकडेच.

मला त्यात एलीयाचा प्रसंग (१ राजे १९) सर्वांत पटतो. झुडपाखाली आडवा होऊन म्हणतो, 'पुरे झालं, माझा जीव घे.' यावर देवदूत काय करतो? उपदेश नाही. झोपू देतो, उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. वॉर्डात नव्याने येणाऱ्यांना मी हे सांगतो.

उलट ईयोबाचे मित्र. पहिले सात दिवस गप्प बसले तोवर चांगले होते. बोलायला लागले तेव्हा बिघडलं. आणि शेवटी देव म्हणतो की माझ्याविषयी योग्य ते ईयोब बोलला, तुम्ही नाही (४२:७). मित्रांची सगळी भाषणं धार्मिक, सुभाषितांनी भरलेली होती!

---

खडूस_आजोबा

रात्रपाळींचा प्रतिसाद मनापासून आवडला. आता खोडी काढतो.

विलापगीताचे पहिले चार अध्याय वर्णमालेवर रचलेत. हिब्रू अक्षरं २२, म्हणून ओव्या २२. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराच्या तीन, एकूण ६६. शहर जळतंय, माणसं भुकेने मरतायत आणि कवी बसून अक्षरं जुळवतोय? हे दुःख की कारागिरी?

---

उंबरठा

दोन्ही, आजोबा. ओव्या वृत्तात बसवतात म्हणून जात्यावर रडणारी बाई खोटी ठरत नाही.

पण क्रम बघा. तिसऱ्यात बांधणी सर्वांत घट्ट. चौथ्यात अक्षरं आहेत पण ओव्या आखूड होतात. पाचव्यात ओव्या २२च, अक्षरक्रम मात्र गायब. सांगाडा मोजणीपुरता उरलाय. जर्मन अभ्यासक कार्ल बुडे यांनी १८८२मध्ये दाखवलं की या विलापांची ओळ बहुधा लंगडी असते: पहिला अर्धा तीन ठोक्यांचा, दुसरा दोनच. पाचव्या अध्यायात तीही चाल बरीचशी नाहीशी होते. मग ती शेवटची ओवी येते, जी लोदच्या सभास्थानात एकटी सोडवत नाही.

८८व्या स्तोत्राचं असंच. बाकीची विलापस्तोत्रं कुठेतरी वळतात, 'तरी मी स्तुती करीन' म्हणतात. ८८ वळत नाही. शेवटचा शब्द अंधार. ज्यांनी दीडशे स्तोत्रं निवडून एकत्र बांधली त्यांना ते दिसलं नसेल असं नाही. १४५ ते १५० इतकी स्तुती त्यांच्या हाताशी होती. एखादी ओळ उचलून लावायला कितीसा वेळ लागला असता?

---

शांभवी_

मराठीतून वाचायचं तर कुठलं भाषांतर?

---

उंबरठा

बायबल सोसायटीचं सहज मिळतं, भारदस्त आहे. पंडिता रमाबाईंचं मिळालं तर जरूर बघा. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं बायबल मराठीत आणलं. भाषा मुद्दाम सोपी ठेवली, शाळेत न गेलेल्या बायकांना समजावी म्हणून. १९२२मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ला बाहेर आलं.

---

खडूस_आजोबा

१३७च्या शेवटच्या ओवीबद्दल माझं मत आहे तिथेच आहे, नोंद असावी. रमाबाईंची प्रत कुणाकडे असेल तर १०९ अख्खं टंकून टाका. संस्कृतात वाढलेल्या बाईने ते शाप सोप्या मराठीत कसे दिलेत ते बघू, मग पुढचं भांडण.